क्शिझोवाला नावं ठेवणारे सगळे बाहेरचे

पोलंडच्या नैऋत्य भागात, व्रोत्सवाफ शहरापासून गाडीनं साधारण तासाभरावर क्शिझोवा नावाचं गाव आहे. गाव म्हणजे अगदी खेडं, काहीशे लोकवस्ती, एक जुना जमीनदारी वाडा, समोर मोठं अंगण, बाजूला गोठे-कोठारं, जवळून वाहणारी पिवावा नदी आणि थोडं लांब टेकाडावर एक घर. १९४५ पर्यंत याच गावाचं नाव होतं क्रायझाऊ आणि ते जर्मनीत होतं. गाव जागचं हललं नाही, देश हलला. आता पोलंडच्या त्या पट्ट्यात अशी हजारो गावं आहेत, मग हेच का घ्यायचं, तर या एका गावाच्या नावावर जितका इतिहास येऊन बसलाय तितका भल्याभल्या शहरांच्याही वाट्याला येत नाही. आणि गंमत अशी की यातलं एकही नाव, एकही बिरुद गावातल्या लोकांनी दिलेलं नाही, दरवेळी कुणीतरी बाहेरून आलं आणि नाव ठेवून गेलं. ते कोण आणि का, एवढंच इथे बघायचंय.

आधी एक व्यवहारी गोष्ट. कुणी मॅपवर नुसतं क्शिझोवा टाकून निघालं तर भलतीकडेच पोचेल, कारण पोलंडमधे या नावाची गावं बरीच आहेत. त्यातलं एक तर ए-४ आणि ए-१८ हे दोन हायवे मिळतात तिथे आहे, त्यामुळे हायवेच्या पाट्यांवर तेच झळकतं. त्याचं जुनं जर्मन नाव क्रायबाऊ, म्हणजे जर्मन काळात दोन वेगवेगळी असलेली नावं पोलिशमधे येऊन एकच झाली. आपलं क्शिझोवा श्विदनित्सा शहराजवळचं, त्याच नावाच्या तालुक्यातलं (पोलिशमधे तालुक्यासारख्या एककाला ग्मिना म्हणतात). पोलिशमधे क्शिझ म्हणजे क्रूस, त्यामुळे असं नाव ठिकठिकाणी सापडणारच.

हा सगळा प्रदेश म्हणजे सायलेशिया. मध्ययुगात पोलिश पियास्त घराण्याच्या सरदारांकडे, चौदाव्या शतकात बोहेमियाच्या (आजच्या चेक मुलखातल्या राज्याच्या) मुकुटाखाली, १५२६ नंतर ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे, मग प्रशिया या जर्मन राज्याचा राजा फ्रेडरिक द ग्रेट यानं तो ओढून घेतला आणि १७४२ पासून प्रशिया, १८७१ पासून जर्मन साम्राज्य. म्हणजे मालक सारखे बदलत होते. पण या सगळ्यात खेड्यांची नावं फारशी कुणी मुद्दाम बदलली नाहीत, बोलणाऱ्यांच्या तोंडी ती घासत घासत बदलली. सायलेशियातल्या कितीतरी गावांच्या जर्मन नावांच्या शेवटी जो 'आऊ' येतो तो जुन्या स्लाव 'ओव्ह', 'ओवा' चाच झालेला असतो. कुणा राजाचा हुकूम नाही, कमिटी नाही, पाटी नाही. नंतरच्या काळात जे झालं ते याच्या बरोबर उलटं, म्हणून हे सांगितलं.

गावाचं नाव पहिल्यांदा मोठं झालं ते १८६७ साली. हेल्मूट फॉन मोल्टके हा प्रशियाच्या सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ. १८६६ मधे ऑस्ट्रियाला हरवल्याबद्दल त्याला सरकारकडून मोठं इनाम मिळालं आणि त्या पैशातून त्यानं इथली इस्टेट विकत घेतली. क्रायझाऊ, नीडर-ग्रेडित्स आणि व्हीरिशाऊ अशी तीन गावं त्यात होती, आज त्यातल्या शेवटच्या दोघांना ग्रोजिश्चे आणि व्हिएरुशूफ म्हणतात. नंतर १८७०-७१ मधे त्यानं फ्रान्सलाही हरवलं आणि मग तर तो राष्ट्रीय हिरोच झाला. १८९१ मधे बर्लिनला वारला आणि त्याला आणून पुरलं ते इथल्याच टेकडीवरच्या समाधीत. वाड्याच्या जिन्याजवळ भिंतीवर दोन मोठी चित्रं आहेत, एकात १८०६ मधे नेपोलियनचे सैनिक ल्युबेकमधे शिरतायत (मोल्टकेनं लहानपणी ती लुटालूट स्वतः पाहिलेली) आणि दुसऱ्यात १८७१ मधे जर्मन सैन्य पॅरिसमधे शिरतंय. हिशोब चुकता केला, असा एकूण सूर. त्या काळात क्रायझाऊ म्हटलं की प्रशियाचा लष्करी दिमाख, बस. पोलिश माणसाच्या डोळ्यांनी बघा, ज्या प्रशियानं पोलंडची फाळणी करून तुकडे खाल्ले त्याच प्रशियाच्या सेनापतीचं हे गाव. पुढे १९८९ मधे काही पोलिश लोकांना इथे जर्मनांशी समेट नको वाटला तर त्यात नवल नव्हतं.

आता याच घराण्यातला पुढचा माणूस, नाव तेच, हेल्मूट, पण हेल्मूट जेम्स. फील्डमार्शलच्या पुतण्याच्या शाखेतला. १९०७ मधे याच गावात जन्म, आई दक्षिण आफ्रिकेतली, डोरोथी रोझ इन्स, म्हणून मधलं नाव जेम्स. शिकला वकिली. १९२९ मधे बावीस वर्षांच्या या पोराच्या गळ्यात कर्जात बुडालेली इस्टेट पडली आणि त्यानं ती कशीबशी वाचवली. वाड्यात राहणं परवडेना म्हणून कुटुंब टेकाडावरच्या त्या साध्या घरात, बेर्गहाउसमधे राहायला गेलं. १९३१ मधे फ्रेया डाइखमानशी लग्न. हिटलर त्याला पहिल्यापासूनच नको होता. युद्धात त्याची नेमणूक झाली जर्मन लष्करी गुप्तचर खात्यात, आंतरराष्ट्रीय कायद्याचा जाणकार म्हणून, आणि तिथे बसून ओलिसांची हत्या, युद्धकैद्यांचे हाल, ज्यूंची हद्दपारी यात जिथे जमेल तिथे खोडा घालायचा हे त्याचं रोजचं काम.

त्याच्याभोवती आणि पीटर योर्क फॉन वार्टेनबुर्ग या त्याच्या वकील मित्राभोवती हळूहळू काही लोक जमले. त्यात समाजवादी, जेसुइट पाद्री, प्रोटेस्टंट धर्मशास्त्री, मोठे जमीनदार, कामगार चळवळीतले असे सगळे, एरवी एका टेबलावर कधी बसले नसते असे. विषय एकच, हिटलर गेल्यावर जर्मनीचं काय करायचं. स्थानिक स्वराज्य खालून वर कसं उभं करायचं, युद्धगुन्हेगारांना शिक्षा कशी करायची, युरोपातली राष्ट्रं एकत्र कशी आणायची. या गटाच्या भेटी बहुतेक बर्लिनमधेच व्हायच्या, योर्कच्या घरी. क्रायझाऊला मोठ्या बैठका झाल्या फक्त तीन, मे १९४२, ऑक्टोबर १९४२ आणि जून १९४३, गावकऱ्यांना वाटावं सुट्टीला पाहुणे आलेत, अशा बेतानं.

तिसऱ्या बैठकीला आडाम फॉन ट्रॉट त्सु झोल्त्स हाही आला होता. हा जर्मन परराष्ट्र खात्यातला माणूस, आणि आपल्याकडच्या वाचकांना त्याची ओळख दुसऱ्याच बाजूनं आहे, कारण नेताजी सुभाषचंद्र बोस बर्लिनमधे असताना ज्या खास भारत विभागाशी त्यांचा सगळा व्यवहार चालायचा त्याचा प्रमुख हाच. नेताजी फेब्रुवारी १९४३ मधे पाणबुडीनं निघून गेले आणि चार महिन्यांनी ट्रॉट इकडे बसून हिटलरनंतरच्या परराष्ट्र धोरणावर बोलत होता. हे दोन धागे एकाच माणसात गुंतलेले आहेत हे सहसा कुणी सांगत नाही.

जानेवारी १९४४ मधे मोल्टकेला अटक झाली, तीही एका ओळखीच्या माणसाला तुला पकडणार आहेत असं सावध केलं म्हणून. जुलैमधे हिटलरवर बॉम्बहल्ला झाला तेव्हा तो तुरुंगातच होता. नंतरच्या तपासात नाझी गुप्त पोलिसांच्या, म्हणजे गेस्टापोच्या हाताला हा सगळा गट लागला आणि त्यांनी फायलीवर नाव लिहिलं, क्रायझाउअर क्राइस. जर्मनमधे क्राइस म्हणजे वर्तुळ, त्यामुळे नाव कानाला बसलंही झकास. हे लोक स्वतःला असलं काही म्हणत नव्हते. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त खटकते आणि आवडतेही, की आज जगभर हे गाव ज्या नावानं ओळखतात ते क्रायझाऊ वर्तुळ हे नाव पोलिसांनी दिलेलं आहे, तेही जिथे फक्त तीन बैठका झाल्या त्या गावावरून. गुप्त पोलिसांच्या कारकुनी सोयीतून आलेलं नाव पुढे मानाचं झालं.

योर्कला ऑगस्ट १९४४ मधे फाशी, ट्रॉटला त्याच महिन्यात, मोल्टकेला २३ जानेवारी १९४५ ला, बर्लिनच्या प्लोट्सेनझे तुरुंगात. खटला चालवला नाझींच्या खास न्यायालयाचा न्यायाधीश फ्राइसलर यानं. मोल्टकेला कबरही मिळाली नाही. त्यानं फ्रेयाला लिहिलेली शेकडो पत्रं होती, घरी झडती होऊ शकते म्हणून तिनं ती लपवली मधमाश्यांच्या पेट्यांमधे, आणि ती वाचली. या मधमाश्यांची पुढे एक गंमत आहे, सांगतो.

फाशीला चार महिने होत नाहीत तोवर युद्ध संपलं. विजेत्या दोस्त राष्ट्रांच्या पॉट्सडॅम परिषदेत ऑगस्ट १९४५ मधे ठरलं की ओडर-नायसे नद्यांच्या पूर्वेचा जर्मन मुलूख पोलंडच्या ताब्यात. तिकडे पूर्वेला पोलंडचा मोठा पट्टा सोव्हिएत संघानं घेतलेला, तिथले पोलिश लोक उठवून पश्चिमेला आणले, आणि इथले जर्मन उठवून आणखी पश्चिमेला पाठवले. सायलेशियातल्या खेड्यांमधे काही काळ एकाच घरात जाणारं जर्मन कुटुंब आणि येणारं पोलिश कुटुंब एकत्र राहिलंय, एका चुलीवर दोन बायका. फ्रेया आपल्या दोन मुलांना घेऊन ऑक्टोबर १९४५ मधे निघाली. पुढे दक्षिण आफ्रिका, परत जर्मनी, आणि १९६० पासून अमेरिकेत व्हरमाँट.

पूर्वेकडच्या त्या पोलिश लोकांचा एक धागा थेट कोल्हापूरला येतो. १९४० मधे सोव्हिएत राजवटीनं ज्यांना उचलून सायबेरिया, कझाखस्तानकडे नेलं त्यातले काही इराणमार्गे भारतात पोचले आणि १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कँपमधे साधारण पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. कँप बंद झाला तेव्हा प्रश्न हाच होता की जायचं कुठे, कारण त्यांचं गाव आता पोलंडमधे नव्हतंच. पोलंडला परतायचं तर नशिबात यायचं एखादं असंच नवं गाव, जर्मन माणसाची शेगडी असलेलं घर आणि पाटीवर कालपर्यंत दुसरंच नाव. वळिवडे आणि क्शिझोवा यांचा थेट संबंध नाही, पण दोन्हीकडची उलथापालथ एकाच नकाशातून आलेली.

आता मुख्य प्रकरण, म्हणजे नाव बदलायचं कसं. १९४५ च्या त्या उन्हाळ्यात नुसता गोंधळ होता. रेल्वेचे लोक स्टेशनांना आपल्या मनानं नावं देत होते, नेमलेले अधिकारी आपल्या मनानं, आलेले लोक आपल्या सोडून आलेल्या गावाचं नाव नव्या गावाला लावत होते, त्यामुळे एकाच ठिकाणाला दोन-तीन पोलिश नावं आणि वर जुनं जर्मन होतंच. पत्र टाकलं तर पोचेल कुठे देव जाणे. सप्टेंबर १९४५ मधे श्चेचिनला यावर एक परिषद भरली आणि १९४६ च्या सुरुवातीला सरकारनं गावांची नावं ठरवणारी एक कमिटीच बसवली. भाषाशास्त्रज्ञ, भूगोलाचे लोक, अध्यक्ष स्तानिस्वाफ स्रोकोव्स्की. १९५० पर्यंत या लोकांनी ३२ हजारांहून जास्त ठिकाणांना नावं दिली. आकडा जरा डोक्यात घ्या, साधारण पाच वर्षात ३२ हजार, म्हणजे सुट्ट्या धरूनसुद्धा दिवसाला पंधरा-वीस नावं. काम अभ्यासू लोकांचं होतं, नुसता राजकीय कारभार नव्हता, जुनी लॅटिन कागदपत्रं, चर्चच्या नोंदी काढून बघत होते. पण वेगच असा की एखाद्या खेड्यावर विचार करायला किती वेळ मिळाला असेल?

पद्धत साधारण अशी. जुनं स्लाव नाव कागदात सापडलं की ते घ्यायचं, ब्रेसलाऊचं व्रोत्सवाफ असं झालं. नाही सापडलं तर जर्मन नाव पोलिश जिभेला बसेल असं वाकवायचं, नाहीतर सरळ भाषांतर, जसं ग्र्युनबेर्ग म्हणजे हिरवा डोंगर तर झाली झेलोना गुरा. आणि काहीच जमत नसेल किंवा मनात असेल तर थोर माणसाचं नाव. क्रायझाऊचं क्शिझोवा होताना फार डोकं चालवावं लागलं नसावं, कारण ध्वनी जवळचा आणि बनाव ओळखीचा.

आणि शेजारचं शहर बघा. राइखेनबाख. १९४५ मधे त्याचं आधी रिखबाख केलं, म्हणजे तेच नाव पोलिश स्पेलिंगमधे. मग १९४६ मधे नवीन नाव, जेर्झोन्यूफ. कुणावरून, तर फादर यान जेर्झोन, एकोणिसाव्या शतकातला सायलेशियातला कॅथलिक पाद्री, आधुनिक मधमाशीपालनाचा एक जनक, राणीमाशीच्या न फळलेल्या अंड्यातून नर जन्मतात हे ज्यानं दाखवून दिलं तो. म्हणजे फ्रेयानं पत्रं मधमाश्यांच्या पेट्यांत लपवली, आणि वर्ष-दोन वर्षात शेजारच्या शहराला मधमाशीवाल्याचं नाव लागलं! योगायोग आहे, यात कसलाही अर्थ शोधू नये, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जेर्झोन हा पोलिश की जर्मन यावरही दोन्हीकडचे लोक वाद घालत आले आहेत. तो लिहायचा मुख्यतः जर्मनमधे.

सरकारी आदेशांची भाषा बघण्यासारखी आहे. आदेशाच्या नावातच होतं की आम्ही अधिकृत नावं पुन्हा प्रस्थापित करतोय आणि ठरवतोय. 'पुन्हा' हा शब्द फार हुशारीनं घातलेला. या सगळ्या मुलखाला सरकार परत मिळवलेला प्रदेश म्हणायचं, त्यासाठी वेगळं मंत्रालयच होतं आणि त्याचा मंत्री होता कम्युनिस्ट नेता गोमुवका. व्रोत्सवाफसाठी 'पुन्हा' खरं आहे, हजार वर्षांपूर्वीचं नाव आहे ते. पण जी गावं जर्मन वसाहतकाऱ्यांनीच जंगल तोडून वसवली त्यांना पुन्हा कसलं नाव देणार, तिथे पहिल्यांदाच देत होते. आणि याआधी नाझींनीही हेच केलेलं, १९३० च्या दशकात सायलेशिया आणि पूर्व प्रशियातली स्लाव वाटणारी नावं पुसून अस्सल जर्मन नावं लावली, १९३८ मधे तर पूर्व प्रशियात एका फटक्यात शेकडो गावं. त्यामुळे तिकडच्या एखाद्या म्हातारीला आठ-दहा वर्षात तीन नावांच्या गावात राहिल्याचा अनुभव आला, घर न बदलता. क्रायझाऊ त्यातून सुटलं.

नुसती पाटी बदलून भागलं नाही. जर्मन अक्षरं दुकानांवरून, भिंतींवरून, कुठे कुठे कबरींवरूनसुद्धा खरवडली गेली. टेकडीवरच्या समाधीतल्या फील्डमार्शलच्या घराण्याच्या शवपेट्या युद्धानंतर गायब झाल्या, समाधी रिकामी राहिली. इस्टेटीचं सरकारी शेत झालं. वाड्याच्या खोल्यांत कोण राहतंय, कोठारात काय साठवलंय, छपराची डागडुजी करायची कुणी, सगळा बेवारशी कारभार, आणि १९८० च्या दशकापर्यंत वाडा पार मोडकळीला आला. गावात आता जे होते त्यांना मोल्टके कोण हे माहीत असायचं काही कारण नव्हतं आणि सांगणारंही कुणी नव्हतं. जर्मन प्रतिकार असा काही होता हेच पोलंडमधे फारसं कुणी बोलत नव्हतं, जर्मन म्हटलं की ऑशविट्झ आणि वॉर्सा आठवायचं, आणि ते चूक कसं म्हणणार.

तिकडे पश्चिम जर्मनीतही खेळ वेगळा चालला होता. तिथे कितीतरी वर्षं नकाशांवर ब्रेसलाऊ, क्रायझाऊ अशीच नावं छापायची पद्धत, आणि खाली बारीक अक्षरात की हा भाग सध्या पोलिश प्रशासनाखाली आहे. पूर्व जर्मनीनं १९५० मधे सीमा मान्य केली, पश्चिम जर्मनीनं १९७० च्या करारात अर्धवट. म्हणजे कुठलं नाव लिहिता यावरून तुम्ही सीमा मानता की नाही हे कळायचं. पोलिश माणसाला क्रायझाऊ ऐकलं की नुसतं जुनं नाव ऐकू येत नव्हतं, हे परत मागायला येतायत की काय अशी शंका यायची. हे लक्षात घेतलं नाही तर पुढचं सगळं नुसतं गोड-गोड वाटेल.

आता १९८९. जूनच्या सुरुवातीला, नेमक्या पोलंडमधल्या कम्युनिस्ट राजवटीला हादरा देणाऱ्या त्या ऐतिहासिक निवडणुकीच्या दिवसांत, व्रोत्सवाफमधे तिथल्या कॅथलिक बुद्धिजीवी क्लबनं एक परिषद भरवली, पोलिश, दोन्ही जर्मनीतले, डच, अमेरिकन लोक आले. त्यांनी ठरवलं की क्शिझोवाच्या या पडक्या इस्टेटीत तरुणांच्या भेटीगाठींचं एक आंतरराष्ट्रीय केंद्र करावं. त्यांनी नाव बदला, परत करा, असलं काही मागितलं नाही. फ्रेयानं याला पाठिंबा दिला आणि स्वतःचं घर परत मागितलं नाही. माझ्या मते हे सगळं प्रकरण जमलं त्याचं मोठं कारण ही बाई आहे. तिचा दावा सगळ्यात जवळचा होता आणि तिनंच तो केला नाही, मग बाकीच्यांना काय तोंड राहणार.

त्याच वर्षी पोलंडमधे तादेउश माझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले, कम्युनिस्ट नसलेले पहिले. पश्चिम जर्मनीचे चान्सलर हेल्मूट कोल यांचा पोलंड दौरा ठरला आणि त्यात दोघांनी मिळून कुठे प्रार्थनेला जायचं हा घोळ सुरू झाला. कोल यांच्या बाजूची पहिली पसंती होती अपर सायलेशियातला सेंट अॅनचा डोंगर. तिथे जर्मन अल्पसंख्याक आजही आहेत, पण तिथेच १९२१ च्या सायलेशियन उठावात पोलिश आणि जर्मन एकमेकांशी लढलेले, दोघांचंही ते अभिमानाचं आणि जखमेचं ठिकाण. पोलंडमधून ओरड झाली. मग तोडगा म्हणून क्शिझोवा पुढे आलं, जागा आता पोलिश, आठवण हिटलरविरोधी जर्मनांची, दोघांनाही मान खाली न घालता उभं राहता येईल असं. बऱ्याच सरकारी तडजोडी मिळमिळीत असतात, ही मात्र मूळ कल्पनेपेक्षा सरस निघाली.

कोल ९ नोव्हेंबरला वॉर्साला पोचले आणि त्याच रात्री बर्लिनची भिंत उघडली. पाहुणचार अर्धवट टाकून दुसऱ्या दिवशी ते बर्लिनला पळाले, तेही सरळ जाता येईना कारण जर्मन विमानाला बर्लिनला उतरायची परवानगी नव्हती, मग वळसा घालून हॅम्बुर्ग आणि तिथून अमेरिकन विमानानं. ११ तारखेला परत आले. १२ नोव्हेंबरला क्शिझोवाच्या अंगणात, पडक्या वाड्यासमोर, ओपोलेचे बिशप आल्फोन्स नोस्सोल यांनी मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक प्रार्थना) केली. कॅथलिक प्रार्थनेत एकमेकांना शांतीची खूण द्यायची वेळ येते तेव्हा कोल आणि माझोव्हिएत्स्कींनी एकमेकांना मिठी मारली, आणि तो फोटो दोन्ही देशांच्या शाळेच्या पुस्तकात गेला. त्याच गर्दीत जर्मन अल्पसंख्याकांनी एक मोठा फलक धरला होता, हेल्मूट, तू आमचाही चान्सलर आहेस. पोलंडमधे यावर बरीच नाराजी झाली, आणि का होऊ नये, सीमा अजून कायमची मान्य झाली नव्हती. ती झाली वर्षभरानं, १४ नोव्हेंबर १९९० च्या सीमा कराराने. तेव्हा कुठे क्शिझोवा हे नाव कागदावर जर्मनीच्या लेखीही पक्कं झालं.

त्या मिस्सेनं गावाला आणखी एक बिरुद चिकटवलं, समेटाची मिस्सा, समेटाचं गाव. परत बाहेरूनच आलेलं. गावकऱ्यांचा रोजचा प्रश्न तेव्हा समेट नव्हता, सरकारी शेतं पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळ्या देशातच बंद पडली आणि असल्या खेड्यांमधे कामच उरलं नाही. १९९० मधे फाउंडेशन स्थापन झालं, युरोपातल्या परस्पर सामंजस्यासाठी क्शिझोवा फाउंडेशन असं लांबलचक नाव, वाडा आणि गोठे-कोठारं दुरुस्त केली, आणि जून १९९८ मधे कोल आणि पोलंडचे पंतप्रधान येझी बुझेक यांनी केंद्राचं उद्घाटन केलं. ज्या गोठ्यात गुरं होती तिथे आता शाळेची पोरं जेवतात, राहतात. वाड्यातली ती दोन युद्धचित्रं मात्र पुसली नाहीत, तशीच ठेवलीत, आणि हे मला फार पटलं. पुसली असती तर १९४५ च्या खरवडणाऱ्यांतच जमा झाले असते.

नावाचं काय केलं त्यांनी? खरं म्हणजे काहीच नाही, आणि माझ्या मते हाच सगळ्यात शहाणा निर्णय. जर्मन बोलताना लोक क्रायझाऊ म्हणतात, पोलिश बोलताना क्शिझोवा. बर्लिनमधल्या मदत करणाऱ्या संस्थेच्या नावात क्रायझाऊच आहे, फ्रेयाच्या नावानं २००४ मधे निघालेल्या निधीच्या नावातही नवं क्रायझाऊ असे शब्द आहेत, आणि पोलिश संस्थेच्या नावात क्शिझोवा. कुणी कुणाला दुरुस्त करत बसत नाही. हे १९७० मधे शक्य नव्हतं, कारण तेव्हा जुनं नाव उच्चारणं म्हणजे सातबाऱ्यावर हक्क सांगण्यासारखं होतं. सीमा पक्की झाली, मालकी मागायची नाही हे ठरलं, तेव्हा जुन्या नावातला विंचवाचा काटा निघाला. माझोव्हिएत्स्की-कोल मिठीपेक्षा मला सीमा करार जास्त महत्त्वाचा वाटतो तो याचमुळे, भले त्याचा फोटो कुणाला आठवत नसो.

अधिकृतरीत्या मात्र नाव एकच. २००५ मधे पोलंडनं अल्पसंख्याकांसाठी कायदा केला, त्यात गावाला जोडनाव, म्हणजे पाटीवर पोलिशखाली दुसऱ्या भाषेतलं नाव लावता येतं. जिथे अल्पसंख्याक किमान २० टक्के असतील तिथे, नाहीतर गावकऱ्यांचा कौल घेऊन. अट एकच पण चोख, १९३३ ते १९४५ मधे नाझींनी किंवा सोव्हिएतांनी ठेवलेलं नाव चालणार नाही. ओपोलेकडच्या बऱ्याच गावांत अशा दुहेरी पाट्या आल्या, काही ठिकाणी रात्रीतून रंग फासला गेला हेही खरं. क्शिझोवाला ती पाटी नाही, कारण तिथे जर्मन अल्पसंख्याक उरलेच नाहीत. सगळ्या जगात जर्मन नावानं प्रसिद्ध असलेलं गाव, आणि त्या नावाची पाटी लावायला तिथे माणूसच नाही, कायदा आपल्या जागी बरोबर आहे.

मधल्या काळात गावाचा पत्ता आणखी दोनदा बदलला, तो भाग कंटाळवाणा आहे पण नोंदवायला हवा. १९७५ पर्यंत व्रोत्सवाफ प्रांत, मग प्रांतांची फेररचना झाली तेव्हा वाउब्झिख प्रांत, आणि १९९९ पासून लोअर सायलेशिया प्रांत. यासाठी कुणी परिषद भरवली नाही की मिस्सा केली नाही, पोस्टमन तेवढा सवय करून बसला.

फ्रेया १ जानेवारी २०१० ला व्हरमाँटमधे वारली, ९८ वर्षांची होऊन. नोव्हेंबर २०१४ मधे मिस्सेला पंचवीस वर्षं झाली म्हणून अँगेला मर्केल आणि पोलंडच्या पंतप्रधान एव्हा कोपाच दोघी क्शिझोवाला आल्या, त्याच अंगणात. ताफे आले, हेलिकॉप्टर आली, भाषणं झाली, संध्याकाळी सगळे गेले. गावात आता जी मुलं शाळेत जातात त्यांचे आजी-आजोबासुद्धा बरेचसे इथेच जन्मलेले. त्यांच्या लेखी नाव बदललं वगैरे काही नाही, गाव क्शिझोवाच आहे, आणि क्रायझाऊ म्हणजे बसमधून उतरणारे पाहुणे वाड्याकडे बोट दाखवत जे म्हणतात ते.